चष्मा काढा, आजी

देऊळगाव राजाला आम्ही नवराबायको सेवेला आलो, ते दोघंही निवृत्त झाल्यावर. हे नगरकडच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. मी तिकडच्याच एका मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होते. मुलं आपापल्या संसाराला लागली, तेव्हा आम्ही आमच्या संस्थेला कळवलं की हातपाय चालतात तोवर जिथं पाठवाल तिथं जाऊ. त्यांनी बुलढाणा जिल्ह्याचं हे गाव दिलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, पुढं पत्र्याची पडवी. सकाळी त्या पडवीत मी बायाबापड्यांचं ब्लडप्रेशर आणि साखर बघायची, संध्याकाळी हे मुलांचा अभ्यास घ्यायचे आणि रविवारी तिथंच पाच-सात घरांची उपासना भरायची. गावात लोक आम्हाला सर आणि सिस्टर म्हणत. मिशनरी हा शब्द आमच्या तोंडावर कुणी वापरला नाही. पाठीमागं वापरत असतील, त्याचं आम्हाला काही वाटत नसे.

सोमवार आमचा सुट्टीचा. दर सोमवारी हे म्हणायचे, एकदा सिंदखेड राजा नीट बघू, मग लोणार, मग मेहकर. आयुष्यभर फळ्यावर खडूनं ज्या गावांची नावं लिहिली, ती हाताच्या अंतरावर आली होती. पण सोमवारी कुणाचं तरी जखमेचं ड्रेसिंग निघायचं, नाहीतर कुणी आजारी पडायचं. त्यामुळं जाणं व्हायचं नाही, आणि झालं तेव्हा ते असं झालं.

त्या हिवाळ्यात संस्थेचे सचिव आणि त्यांच्या पत्नी आमचं काम पाहायला पुण्याहून आले. साहेब साठीच्या आतले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं फार गोड. बाईंच्या पर्समध्ये ओल्या सुगंधी कागदांचं पुडकं असे. आमच्या घरात कशालाही हात लागला की त्या एक कागद काढून बोटं पुसत आणि तो कागद जिथं असतील तिथंच टाकत. दोन दिवसांत मी ते कागद खिडकीतून, मोरीतून आणि एकदा पाण्याच्या माठाच्या झाकणावरून उचलले. नर्सच्या हातानं आयुष्यभर काय काय उचललेलं असतं, त्याची मला कधी किळस आली नाही. त्या वासाच्या ओल्या कागदांची मात्र आली.

रविवारच्या उपासनेला सगळी मंडळी धुतलेले कपडे घालून आली होती. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती, एकीनं तर नातवाच्या पायात नवे बूट घातले होते. साहेबांनी पुष्कळ फोटो काढले. रात्री जेवताना मोबाइलवर ते बघत म्हणाले, “हे काही कामाचं नाही. लग्नाला आल्यासारखे दिसतात सगळे.” हे हसले. साहेबांचा विनोद आहे, असं त्यांना वाटलं. मलाही त्या वेळी तसंच वाटलं.

सोमवारी साहेबांनीच विषय काढला की इतक्या लांब आलोय तर काहीतरी दाखवा. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटलं. ओळखीच्या एकाची जीप ठरवली. बाईंना लोणारचं सरोवर बघायचं होतं, त्याचे फोटो छान येतात असं त्यांनी ऐकलं होतं. ह्यांनी सुचवलं की वाटेत सिंदखेड राजा करू, दुपारी लोणार, जमलंच तर येताना मेहकर. पाण्याच्या बाटल्या आणि पोहे घेऊन आम्ही निघालो.

जीपवाला गुटखा खाणारा होता. दर वळणावर तो दार उघडून थुंकायचा आणि वाऱ्यानं त्याचे शिंतोडे मागच्या काचेवर यायचे. मी त्या काचेशेजारी बसले होते. बाहेर तुरी सोंगणीला आल्या होत्या, कपाशीत बाया वेचणीला वाकल्या होत्या, सकाळचं ऊन कोवळं होतं. आणि हे सगळं मला लाल ठिपक्यांच्या काचेतून दिसत होतं. शेवटी मी त्याला म्हटलं, “बाबा, एवढी गाडी तुझी, तुलाच नाही का घाण वाटत?” तो म्हणाला, “सवय लागली बाई, आता काय.” आणि पुन्हा दार उघडलं.

सिंदखेड राजाला राजवाड्याच्या दरवाजाशी उतरल्यावर हे थोडा वेळ नुसते उभे राहिले. तो दरवाजा खरोखरच तसा आहे. भक्कम दगडी, वर नगारखाना, खालून जाताना माणसाला आपोआप आवाज खाली आणावासा वाटतो. ह्यांनी टोपी काढून हातात घेतली. कुणाचा जन्म इथं झाला, लग्नाची बोलणी कशी झाली, रंगपंचमीच्या दिवशी काय घडलं, हे सगळं त्यांनी वर्गात शेकडो वेळा सांगितलं असेल. आता ते सांगायला लागले, तेव्हा त्यांचा आवाज जरा कापत होता. साहेबांनी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, “सर, ते नंतर. आधी एक फोटो घ्या आमचा दोघांचा.”

त्यानंतर ह्यांनी पुढचा अर्धा तास फोटो काढले. दरवाजात, पायरीवर, कमानीखाली. बाईंना मागं लोक आलेले नको होते, म्हणून ह्यांना येणाऱ्याजाणाऱ्यांना हात जोडून थांबवावं लागत होतं. पेठेतला एक म्हातारा ओझं घेऊन तिष्ठत उभा राहिला. सत्तरीकडं झुकलेला माझा नवरा एका म्हाताऱ्याला हात जोडतो आहे आणि साहेब हनुवटी वर करून उभे आहेत, ते मला बघवेना. मी आत निघून गेले.

आतही मन रमलं नाही. भिंतींच्या चुन्यावर हात पोचेल तिथवर नावं कोरलेली होती. खिळ्यानं, किल्लीनं, कोळशानं. बदामाची चित्रं, बाणाची चित्रं, आणि एका कोनाड्यात, जिथं कधी काळी दिवा ठेवत असतील तिथं, लाल पिचकारी. अंधाऱ्या बाजूला वटवाघळांचा उग्र वास होता. त्याचं काही नाही, ती बिचारी जनावरं. पण त्या वासात माणसाच्या मुताचा वास मिसळला होता आणि मला तो ताबडतोब ओळखू आला, कारण वॉर्डात तो आयुष्यभर घेतला आहे. वॉर्डातला माणूस आजारी असतो, त्याला उठता येत नाही. इथं चांगले धडधाकट लोक गाडी करून येतात, हात जोडतात, जयघोष करतात आणि भिंतीच्या मागं जाऊन उभे राहतात. पदर नाकाला लावून मी बाहेर आले, तर बाईही बाहेर आल्या होत्या आणि ओल्या कागदानं हात पुसत होत्या. त्यांनी तो कागद पायरीच्या फटीत खोचला. भिंतीवर नाव कोरणाऱ्यात आणि ह्या बाईत फरक एवढाच की हिच्या कागदाला गुलाबाचा वास होता.

तिथून समाधीची मोठी इमारत बाहेरूनच बघितली आणि मग बारवेवर गेलो. सिंदखेड राजात जुन्या पायऱ्यांच्या विहिरी आहेत, त्यांतली ही एक, कोरीव मूर्तींची. उतरताना दोन्ही बाजूंनी दगडात माणसं, प्राणी, नाचणाऱ्या बाया. काही मूर्तींची नाकं झिजलेली, तरी अंगातला डौल गेलेला नव्हता. खाली पाणी होतं आणि पाण्यावर वेफर्सची पाकिटं, निर्माल्याच्या पिशव्या, एक फाटका बूट. वर मात्र ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात, वरच्या पायरीवर, एक म्हातारी डबा उघडून जेवायला बसली होती.

सत्तरीच्या पुढची असेल. हिरवं नऊवारी, कपाळाला बुक्क्याचा ठिपका, गळ्यात सोन्याची पोत, जाड काचांचा चष्मा. चपला काढून बाजूला नीट जोडीनं ठेवल्या होत्या. आम्हाला बघून तिनं हक्कानं विचारलं, कुठले तुम्ही. ह्यांनी सांगितलं. मग तिनंही सांगितलं की ती नांदुरा तालुक्यातल्या वडनेर भोलजीची. लेक इथं दिली आहे, शाळेत शिक्षिका आहे. चार दिवस लेकीकडं आली होती आणि गावातलं सगळं पाहून घ्यावं म्हणून रोज थोडं थोडं फिरत होती. काल राजवाडा झाला होता, आज बारव. लेक सकाळी इथं सोडून गेली होती, शाळा सुटली की न्यायला येणार होती. म्हणजे ती आमच्यासारखीच गाव पाहायला आलेली होती, फक्त आमच्यापेक्षा शांतपणे.

तिनं आम्हाला जेवायला बसवलं. नको नको म्हणून चालू देईना. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा. “सकाळीच केल्ली लेकीनं. एकट्या माणसाले इतकं कायले?” असं म्हणत तिनं प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला, वर भरीत. ह्यांनी दोनदा मागून घेतलं. साहेबांनीही खाल्लं आणि तिखट म्हणून पाणी प्यायले. बाईंनी तुकडा हातात धरला, म्हातारीकडं बघून हसल्या, “छान आहे हं” म्हणाल्या आणि जरा पलीकडं मूर्ती बघायला गेल्या. मूर्तीच्या आडोशाला जाऊन त्यांनी ती भाकरी भरितासकट ओल्या कागदात गुंडाळली आणि खाली बारवेत सोडली. मी बघितलं. माझ्या तोंडात तिच्याच भाकरीचा घास होता.

माझ्या आईकडं भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावायचे. आम्ही ख्रिस्ती, पण ते तसंच होतं. दिलेल्या अन्नाला नाही म्हणता येतं. ते हातात घेऊन, हसून, फेकता येत नाही. त्या बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर दोन्ही हातांत झेलून घेत असतील, डोळे मिटत असतील. ते आठवून माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भक्तीचा नव्हता.

तेवढ्यात साहेबांनी मोबाइल काढला. आजी, तुमचा एक फोटो घेऊ का, असं त्यांनी लाघवीपणानं विचारलं. म्हातारी खूश झाली. पदर सारखा केला, पोत वर काढली, चपला पायात घालायला लागली.

“चपला राहू द्या,” साहेब म्हणाले. “आणि चष्मा काढा, आजी. काचेवर ऊन चमकतं.”

तिनं चष्मा काढून ओटीत ठेवला. चष्मा काढल्यावर जाड काचेची सवय असलेली माणसं कशी दिसतात ते मला ठाऊक आहे. डोळे मिचमिचे होतात, मान पुढं येते, नजर कुठं ठरत नाही. क्षणापूर्वी जी बाई घरच्यासारखी आम्हाला वाढत होती, ती एकदम आंधळी, भेदरलेली दिसायला लागली. साहेबांनी ती पोत पदराखाली घ्यायला सांगितली, ऊन त्यावरही चमकत होतं म्हणे. डबा स्वतःच उचलून बाजूला केला, झाकणासकट. उरलेली अर्धी कोरडी भाकरी तिच्या हातात दिली आणि तिला खालच्या पायरीवर बसवलं, जिथून मागं तो कचरा दिसत होता. हे म्हणाले, “साहेब, वर उजेड चांगला आहे.” साहेबांनी न ऐकल्यासारखं केलं. चार-पाच फोटो काढले. म्हातारी, कुठं बघावं ते न कळून, आवाजाच्या दिशेनं हसायचा प्रयत्न करत होती. “हसू नका,” असंही ते म्हणाले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नाही. मला कळलं होतंच. पण माणूस आपल्या माणसांबद्दल शेवटपर्यंत बरं धरून चालतो. म्हातारीनं चष्मा लावला, आम्हाला लोणार पाहून या म्हणाली, आणि आम्ही निघालो.

किनगाव राजाच्या जवळपास रस्ता सरळ लागला तेव्हा साहेबांनी मोबाइल तोंडाशी धरला आणि पुण्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी निरोप बोलायला लागले. देणगीदारांना जाणाऱ्या पत्रकात आतल्या पानाला हा फोटो घ्या, म्हणाले. मग मजकूर सांगितला, थांबत थांबत, शब्द निवडत. दुष्काळी भागातली निराधार, दृष्टी गमावलेली वृद्धा. मुलांनी टाकलेली. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. आमच्या सेवकांनी तिला भाकरी दिली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या जिभेवर तिचा ठेचा अजून झणझणत होता.

मी जीपवाल्याला म्हटलं, “गाडी थांबव.” बाईंना वाटलं मला उलटी होतेय, त्या घाईनं सरकल्या. गाडी कडेला लागली. मी साहेबांना म्हटलं, “तिनं आपल्याला भाकरी दिली. आपण तिला नाही.”

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. लहान मुलाला समजावतात तसं ते म्हणाले, “सिस्टर, तुम्ही सेवेत आहात, मी सेवा उभी करतो. सुखी म्हातारीचा फोटो बघून कुणी हात खिशात घालत नाही. तुमच्या पडवीतल्या औषधांच्या गोळ्या ह्याच फोटोंतून येतात. आणि तिचं काय गेलं? तिला कधी कळणार आहे?”

त्या एका वाक्यात त्यांनी माझ्या पडवीतली प्रत्येक गोळी बाटवली. मी इतकी वर्षं पू धुतला, किडे पडलेल्या जखमा साफ केल्या, पण शिसारी म्हणजे काय ते मला त्या दिवशी जीपमध्ये कळलं. समोरचा माणूस स्वच्छ होता, त्याच्या शर्टाला डाग नव्हता आणि त्याच्याशेजारी बसून श्वास घेणं मला नको झालं.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खाली बघत होते, टोपी गुडघ्यावर होती. म्हणाले, “अगं, घरी जाऊन बोलू.” बस, एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्यांचा राग आलेला आहे, कंटाळा आलेला आहे, पण असा वीट कधी आला नव्हता. मी दार उघडून उतरले. “मी त्या मावशींना सांगायला जातेय,” म्हणाले. “कळणार आहे तिला. आत्ताच कळेल.” जीपवाला एकटाच बोलला. “बाई, हितं फाट्यावर उभ्या राहा, काळीपिवळी भेटन.” मग जीप गेली. हे आत बसून गेले.

काळीपिवळीत दोन बकऱ्या आणि लसणाची पोती होती. त्या गाडीत मला जरा मोकळा श्वास घेता आला. सिंदखेड राजाला पोचले तोवर शाळा सुटायची वेळ झाली होती. म्हातारी बारवेच्या वरच झाडाखाली बसली होती आणि तिची लेक स्कूटर लावून नुकतीच येत होती. चाळिशीची, खांद्याला शाळेची पिशवी. दोघींना मी एका दमात सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. मी कोण, साहेब कोण, पत्रक कसलं, त्यात काय लिहिणार आहेत.

म्हातारीनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, “मी त्याले भाकर देल्ली. अन् तो म्हणते, मी उपाशी.”

लेकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारी पुढं बोलली, माझ्याकडं न बघता. तिची दोन्ही मुलं तिला कशी ठेवतात ते सांगितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला थोरला आठ दिवस दवाखान्यात जमिनीवर झोपला होता. “त्याईनं मले टाकलं म्हणून लिवते? माह्या पोराईनं?” भुकेपेक्षा, आंधळेपणापेक्षा ते तिला जास्त लागलं होतं. आणि मग अगदी हळू, “त्या बाईनं भाकर फेकली थे मी पाह्यलं होतं. पाहुण्याले काय म्हणावं म्हणून चूप बसली.”

मला तिथं तोंड वर करवेना. मी फेकली नव्हती, मी लिहिलं नव्हतं, पण मी ज्यांच्याबरोबर आले होते त्यांनी ते केलं होतं. मी माफी मागितली, तर ती म्हणाली, तुम्ही काऊन मागता, ज्यानं केलं त्यानं मागावं.

लेकीनं माझ्याकडून साहेबांचा नंबर घेतला. फोन लावून स्पीकरवर टाकला. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, गाव सांगितलं. साहेब म्हणाले की काहीतरी गैरसमज आहे, आजी आमच्या आईसारख्या आहेत. ती ऐकत राहिली. मग वर्गात बोलावं तशी म्हणाली, “फोटो आता काढून टाका. पुण्यालाही कळवा. माझ्या आईचा फोटो कुठं दिसला, तर मी आईला आणि दोन्ही भावांना घेऊन तुमच्या दारात येईन. तिथं तुम्ही तिच्या तोंडावर वाचून दाखवा काय लिहिलंय ते.” साहेबांनी फोन ठेवला.

त्यांनी मला चहाला घरी नेलं. मी जाणार नव्हते, म्हातारीनं हात धरून नेलं. घर नीटनेटकं, अंगणात तुळस, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. चहा मला गोड लागला नाही. त्या माणसांचा चांगुलपणा मला सोसवत नव्हता, कारण तो आम्ही कशासाठी वापरणार होतो ते मला ठाऊक होतं. संध्याकाळच्या बसनं मी देऊळगाव राजाला आले.

हे दिवेलागणीनंतर आले, एकटे, चालत, बसस्टँडवरून. पायांवर धूळ होती. त्यांनीच सांगितलं. फोन आला तेव्हा ते लोणारला सरोवराच्या काठावर होते. फोन ठेवल्यावर साहेब पहिल्यांदा गोड बोलायचे थांबले. तुमच्या बायकोनं संस्थेची अब्रू घालवली, म्हणाले. ह्यांनी सांगितलं की अब्रू बारवेवरच गेली होती, माझी बायको फक्त ती परत आणायला गेली. मग ह्यांनी समोर उभं राहून मोबाइलमधला फोटो पुसायला लावला, पुण्याला तसा निरोप बोलायला लावला, आणि तो गेलेला बघूनच तिथून निघाले. मेहकरचा फेरा साहेब आणि बाईंनी दोघांनीच केला असेल. हे दोन बस बदलून आले. “सरोवर कसं होतं?” मी विचारलं. म्हणाले, “बघितलंच नाही. मला तिथं फक्त सेंटचा वास येत होता.”

मी पाणी तापवून दिलं. पण त्या रात्रीही मला त्यांचं ते “घरी जाऊन बोलू” ऐकू येत होतं. त्यांनी पुढं जे केलं त्यानं ते पुसलं गेलं नाही, हे मी त्यांना नंतर सांगितलं. ते म्हणाले, नकोच पुसायला.

महिन्याभरानं आम्हाला पुण्याला बोलावलं. लांब टेबल, काचेचे पेले, भिंतीवर वचनं. सगळे सभ्य होते. कुणी म्हणालं, सिस्टर भावनेच्या भरात बोलल्या असतील. कुणी म्हणालं, साहेबांची पद्धत चुकली, पण हेतू शुद्ध होता. शुद्ध हा शब्द त्या खोलीत इतक्या वेळा आला की मी मोजणं सोडून दिलं. शेवटी ठरलं की झालं गेलं विसरावं, एकत्र प्रार्थना करावी आणि आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात बदली घ्यावी. साहेबांनी प्रार्थना केली. आवाज सुंदर होता. मी डोळे मिटले नाहीत. समोर त्यांचे जोडलेले, स्वच्छ, गुलाबी नखांचे हात बघत बसले. आमेन म्हणण्याआधीच हे उठले आणि त्यांनी आमच्या दोघांचा राजीनामा तोंडी सांगितला.

आम्ही देऊळगाव राजा सोडलं नाही. घर तेच ठेवलं, भाडं आता पेन्शनमधून जातं. मी इथल्याच एका डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळची जाते. औषधं कमी असतात, पण कुठून आली ते मला ठाऊक असतं. उपासनेला येणारी काही घरं तुटली, संस्थेनं त्यांना आमच्याकडं जाऊ नका म्हणून सांगितलं. तीन घरं येतात. हे मुलांना अजून इतिहास शिकवतात.

गेल्या वर्षी संस्थेनं आमच्या जागी एक तरुण जोडपं पाठवलं. मुलगी भली आहे, कोल्हापूरकडची, वरच्या आळीत राहतात. परवा ती माझ्याकडं आली होती. पुढच्या आठवड्यात पुण्याहून साहेब येणार आहेत म्हणाली, बरोबर परदेशातले कुणी पाहुणे आहेत. जवळपास दाखवण्यासारखं काय काय आहे, असं तिनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, बारवेपासून राजीनाम्यापर्यंत. ती घाबरली. मग आम्ही काय करू, म्हणाली.

“त्यांना बसस्टँडवर चहा पाज,” मी म्हटलं, “आणि पुढच्या बसनं परत पाठव. गावातल्या माणसांना दाखवू नकोस.”